एका मताचा माणूस

दुकानातून आणलेले बटाटे सडके निघाले, तर ते परत करायला गणिताच्या बाईंना स्वतः जावं लागे. त्यांचे यजमान गावातले वकील. काळा कोट घालून ते कोर्टात उभे राहिले की भल्याभल्या साक्षीदारांची भंबेरी उडते, असं लोक सांगत. पण भाजीवाल्यासमोर वकीलसाहेबांची स्वतःचीच बोबडी वळायची. "जाऊ दे गं, आतून काळे आहेत हे त्या बिचाऱ्याला तरी कुठे ठाऊक होतं," असं म्हणत ते सुरी घेऊन बसायचे आणि सडका भाग कापून चांगला तेवढा वाटीत टाकायचे.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. नवरा असा लोण्याच्या गोळ्यासारखा, आणि धंदा भांडणाचा, हे कोडं त्यांना लग्न झाल्यापासून सुटलं नव्हतं. घराची पुढची खोली म्हणजे वकिलांचं ऑफिस. दोन लाकडी बाकं, कायद्याच्या पुस्तकांचं एक कपाट, आणि खिडकीखाली टेबल. कामं सगळी गावातलीच. याच्या कुंपणाची काठी त्याच्या अंगणात आली, भाडेकरू खोली सोडेना, बहिणीला वाटा द्यायला भाऊ तयार होईना. वकिलांची एक खोड होती. केस हातात घेण्याआधी ते समोरच्या पार्टीलाही बोलावून घेत, चहा देत आणि तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेत. निम्मी भांडणं तिथेच मिटायची. कोपऱ्यावर खिळेमोळे, कड्याकुलपं विकणारे त्यांचे धाकटे भाऊ डोक्याला हात लावून म्हणायचे, "वहिनी, दादांनी सगळ्यांची भांडणं मिटवली तर वकिली कुणाची करणार? मी काय कुलपं विकताना लोकांना सांगतो का, की चोर भला माणूस असतो म्हणून?"

असा हा माणूस. पन्नाशीला आला होता. आयुष्य असंच कुंपणांमधून निघून जायचं, यात बाईंना काही शंका नव्हती आणि तक्रारही नव्हती.

मग मालधक्क्याचं प्रकरण झालं.

स्टेशनाच्या मालधक्क्यावर हमालांचा संप चालू होता. एका दुपारी दोन वॅगनी पेटल्या. कुणी पेटवल्या ते आजही नक्की कुणी सांगू शकत नाही. पोलिसांनी संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस हमाल उचलले आणि तुरुंगात टाकले. ना आरोपपत्र, ना सुनावणी. दोन महिने गेले, चार गेले, आठ गेले. गावातल्या एकाही वकिलाने वकीलपत्र घेतलं नाही, कारण मागे मोठी माणसं होती आणि प्रत्येकाला पोरंबाळं होती. शेवटी हमालांच्या बायका एका सकाळी येऊन वकिलांच्या पायरीवर बसल्या. काही मागितलं नाही, काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या दिवशी वकील कोट घालून निघाले आणि दारातूनच परत फिरले.

"काय झालं? काही विसरलं का?" बाईंनी विचारलं.

"रोज त्यांना ओलांडून कोर्टात जायचं, हे काही जमत नाही बुवा," ते म्हणाले. "त्यांना आत बोलाव. बाकं कमी पडतील, तुझ्या शिकवणीच्या सतरंज्या टाक."

पुढे वरच्या कोर्टात ते नऊ दिवस बोलले. आवाज बारीक, भाषा साधी. न्यायमूर्तींनी विचारलं, "हे सगळे निर्दोष आहेत, असं आपलं म्हणणं आहे का?" तेव्हा ते म्हणाले, "ते ठरवायलाच त्यांना इथे आणा म्हणतोय, महाराज. आठ महिने त्यांना कुणी एक प्रश्नसुद्धा विचारलेला नाही." त्या एका वाक्यावर खटला फिरला. एक्केचाळीस जण सुटले. तुरुंगाच्या दारात बाईही गेल्या होत्या. एक म्हातारा हमाल बाहेर आला आणि फाटकापुढे नुसता उभाच राहिला. कुठे जा म्हणून कुणी सांगेल, याची वाट बघत असावा. वकिलांनी त्याचा हात धरला आणि त्याला रस्त्याच्या कडेकडेने त्याच्या घरापर्यंत चालवत नेलं. तीन मैल. बाई मागून चालत होत्या. आपण या माणसाच्या मागून चालतो आहोत याचं त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा नवल वाटलं.

ती बातमी देशभर छापून आली, आणि पंधरा दिवसांनी गल्लीत धूळ उडवत तीन मोटारी शिरल्या. मधल्या मोटारीतून उतरले ते विरोधी पक्षाचे पुढारी. वय सत्तरीचं, हातात काठी, अंगात चुरगळलेला सदरा. तरुणपणी शाळेत शिकवायचे म्हणून अख्खा देश त्यांना 'मास्तर' म्हणे. मास्तर पक्षकारांच्या बाकावर ऐसपैस बसले, चहाचे दोन कप प्यायले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, निवडणूक येतेय. या भागातून तुम्ही उभे राहा."

वकिलांनी कप खाली ठेवला. "मला भाषण येत नाही."

"उत्तम. ज्यांना येतं त्यांनी माझे कान किटवलेत."

"मला कुणाला नाही म्हणता येत नाही."

"मग मलाही म्हणू नका," मास्तर म्हणाले आणि हसले.

बाई दारात उभ्या होत्या. त्यांच्याने राहवलं नाही. "तुम्ही शाळेत कोणता विषय शिकवायचात?"

"भूगोल."

"मग राजधानी इथून किती लांब आहे, ते तुम्हाला ठाऊक असेलच."

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट वळून पाहिलं. हसू गेलं होतं. "फार लांब आहे, बाई," ते म्हणाले. "म्हणून तर इथलं माणूस तिथे पाहिजे. दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐकून घेणारं एक तरी माणूस."

नाही-हो करता करता वकील उभे राहिले. पहिल्या सभेला धाकट्या भावाने दुकानातली शिडी, दोऱ्या, कंदील सगळं मैदानात आणून ठेवलं. वकील व्यासपीठावर चढले, दोनदा खोकले आणि 'वॉरंट' म्हणजे काय, पोलीस दारात आले तर त्यांच्याकडे कोणता कागद मागायचा, तो कसा वाचायचा, हे समजावून सांगायला लागले. भाषण चार मिनिटांत संपलं. भावाने कपाळाला हात लावला. पण खाली बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "आणि कागद नसला तर?" मग दुसऱ्याने काही विचारलं, मग तिसऱ्याने. दोन तास लोक विचारत राहिले आणि वकील उत्तरं देत राहिले. पुढच्या सभांना लोक प्रश्न लिहून आणू लागले. वकील निवडून आले. साधे नाही, पेट्या उघडता उघडता मोजणारे थकले इतक्या मतांनी आले.

राजधानीतलं सभागृह बाईंनी पहिल्यांदा पाहिलं ते प्रेक्षकांच्या सज्जातून. त्यांना उंच इमारतींचं अप्रूप नव्हतं. पण त्या दालनात पाय टाकला आणि त्या कठड्याला धरून उभ्याच राहिल्या. छत इतकं वर की दिव्यांच्या उजेडाला तिथपर्यंत पोहोचताना दमायला व्हावं. खाली बाकांच्या गोल रांगा, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या, आणि मधोमध उंच चौथऱ्यावर अध्यक्षांची एकच खुर्ची. भट्टी नव्हे, कोठार नव्हे, कारखाना नव्हे. एवढी मोठी जागा माणसांनी केवळ एकमेकांशी बोलायला बांधली, हा विचार त्यांच्या मनात आला आणि अंगावर सर्रकन काटा आला. सगळ्यात मागच्या रांगेत, खांबाच्या आड, त्यांचे यजमान कागदात डोकं घालून बसले होते. वरून ते एवढेसे दिसत होते.

पहिली चार वर्षं ते तिथेच बसले, खांबाआड. त्यांच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. एक होते, ज्यांचं होतं. सभागृहाचे सचिव, तीस वर्षं तिथे घालवलेले किडकिडीत गृहस्थ. सुट्टीत बाई राजधानीला आल्या की ते आवर्जून भेटत. एकदा म्हणाले, "बाई, आमच्या ग्रंथालयात आधीच्या सगळ्या अध्यक्षांचे निर्णय बांधून ठेवलेत. साठ खंड. मी इथे लागल्यापासून ते मागून नेणारे तुमचे यजमान पहिले. आणि नुसते नेत नाहीत हो. वाचतात."

पुढच्या निवडणुकीत देशाने दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच माप दिलं. चार छोटे पक्ष जोडून मास्तर कसेबसे पंतप्रधान झाले. आता अध्यक्ष कोण? मास्तरांनी सुचवलेली नावं विरोधकांना नकोत, त्यांची यांना नकोत. आठवडाभर घोळ चालला. शेवटी कुणीतरी खांबाआडच्या वकिलांचं नाव घेतलं, आणि दोन्हीकडे कुणालाच हरकत सापडेना. त्यांच्यावर कुणाचाच राग नव्हता. त्यांची एवढीच पात्रता, आणि त्या आठवड्यात तेवढीच लागत होती.

खुर्चीवर बसायच्या आदल्या दिवशी वकिलांनी पक्षाचा राजीनामा लिहिला आणि स्वतः मास्तरांच्या हातात नेऊन दिला. त्या खुर्चीतला माणूस कुठल्या पक्षाचा राहत नाही, असं ते म्हणाले. मास्तरांनी कागद न वाचताच खिशात घातला आणि त्यांच्या पाठीवर थाप मारली. "बरं बरं," ते म्हणाले.

त्या हिवाळ्यात पूल उडायला लागले.

आधी एक, मग महिन्याने दुसरा, मग तिसरा. तिन्ही रेल्वेचे, तिन्ही वेळेला वरून गाडी जात असताना. एकशे बारा माणसं गेली. कोण करतंय, कशासाठी करतंय, काही पत्ता लागेना. लोक प्रवासाला निघताना घरच्यांच्या गळ्यात पडून रडू लागले. मास्तर वाईट माणूस नव्हते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. प्रत्येक पुलापाशी ते गेले, प्रत्येक दवाखान्यात गेले, आणि दर वेळी पाच वर्षांनी म्हातारे होऊन परतले. मग त्यांनी कायद्याचा मसुदा आणला. नुसत्या संशयावरून कुणालाही एक वर्ष आत ठेवता येईल. आरोपपत्र नाही, वकील नाही, कोर्ट नाही.

सभागृह उभं चिरलं गेलं. मास्तरांच्या जोडीचा एक छोटा पक्ष फुटून पलीकडे गेला. कोण कुठे जाणार याची बेरीज-वजाबाकी वर्तमानपत्रं रोज छापू लागली, आणि रोज फरक कमी कमी होत गेला. बाईंनी शाळेत रजा टाकली आणि राजधानीची गाडी पकडली. गाडी पुलावर आली की डब्यातली सगळी माणसं बोलायची थांबत होती.

मतदानाच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी उजेड असतानाच, मास्तर अध्यक्षांच्या बंगल्यावर आले. अकरा खोल्यांचा बंगला होता. त्यातल्या दोनच वकील वापरत. बाई चहा घेऊन आल्या आणि परत जायला वळल्या, तर मास्तरच म्हणाले, "बसा बाई. तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही."

बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"समसमान होईल, असं दिसतंय," मास्तर म्हणाले. "तसं झालं तर तुमचं मत."

"हो."

"एरवी अध्यक्षाला मत नसतं. तेव्हाच असतं."

"हो."

"मी तुम्हाला भीती घालायला आलो नाही. मागायला आलोय." मास्तरांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती. "तिसऱ्या पुलाखाली मी एक बूट बघितला, वकीलसाहेब. आत पाय होता. मला हा कायदा आवडतो असं वाटतं का तुम्हाला? मला तो नकोय. पण उद्या चौथा पूल उडाला, तर मी लोकांना काय सांगू? माझ्या हाताशी उपाय होता आणि तो मी वापरला नाही?"

"तुम्ही ज्यांना आत टाकाल, त्यांतला खरा कोण, ते कसं कळणार?"

"काही चुका होतील."

"किती?"

मास्तरांनी काठीची मूठ दोनदा फिरवली. मग म्हणाले, "मी तुम्हाला गावातल्या त्या ऑफिसातून उचलून इथे आणलं."

"ते मी विसरलेलो नाही," वकील म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की बाईंना पुढे वाकावं लागलं. "तुम्ही मला वडिलांच्या जागी आहात. पण उद्या मी काय करणार ते आज सांगितलं, तर आज संध्याकाळपासूनच ती खुर्ची रिकामी झाली असं समजा."

मास्तर उठले. दारात बाईंकडे वळून म्हणाले, "चहा छान होता." चहाला त्यांनी ओठ लावला नव्हता.

ते गेल्यावर बाईंनी पाहिलं, वकील जागचे हलले नव्हते. त्या जवळ जाऊन बसल्या.

"अहो, भीती वाटते का?"

"वाटते ना." ते बागेकडे बघत म्हणाले, "ते म्हणतात ते खोटं नाही गं. पूल उडू शकतो. माझ्यामुळे."

"मग?"

"मग काही नाही. कदाचित समसमान होणारच नाही."

दुसऱ्या दिवशी सज्जात बसायला जागा नव्हती. खाली एकूण एक सभासद आले होते. एक आजारी सभासद चाकाच्या खुर्चीतून, नर्ससकट आले होते. कायद्याला होकार असणाऱ्यांनी उजव्या दारातून बाहेर पडायचं, नकार असणाऱ्यांनी डाव्या, आणि दाराशी उभे असलेले मोजणीदार त्यांना मोजणार. अध्यक्ष सोडून सभासद चारशे शहाऐंशी. बाईंनी पदर घट्ट आवळला आणि फक्त डावं दार मोजायला सुरुवात केली. एक मोजलं की दुसरं आपोआप कळतं, हे त्या तिसरीतल्या पोरींना शिकवत आल्या होत्या. शंभर झाले. दोनशे झाले. दोनशे चाळीस. चाकाची खुर्ची डावीकडे वळली. दोनशे एक्केचाळीस. दोनशे बेचाळीस. एक तरुण सभासद मधोमध थबकला, त्याने रुमालाने कपाळ पुसलं, आणि तो डावीकडून गेला. दोनशे त्रेचाळीस. मग डाव्या दारातून कुणीच गेलं नाही.

त्या अख्ख्या इमारतीत ते कळलेल्या त्या पहिल्याच. खाली चौथऱ्यावर त्यांच्या नवऱ्याला अजून ठाऊक नव्हतं. तो आपला चष्मा पुसत बसला होता. घरी पुसायचा तसाच, सदऱ्याच्या टोकाने. धावत खाली जावं आणि त्याला धरून गावी घेऊन जावं, असं बाईंना वाटलं.

सचिवांनी कागद वर नेऊन दिला. वकिलांनी तो वाचला. उठून उभे राहिले.

"होकार दोनशे त्रेचाळीस," ते म्हणाले. "नकार दोनशे त्रेचाळीस."

गलका होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झाला नाही. त्या प्रचंड दालनात अशी शांतता पसरली की वर छताशी फिरणाऱ्या पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. दोन्हीकडची मिळून जवळपास पाचशे माणसं, ज्यांतली अर्धी देश गाजवणारी, सगळी मान वर करून एका बारीक आवाजाच्या माणसाकडे बघत होती. बाईंनी आयुष्यात पुष्कळ शांतता अनुभवली होती, परीक्षेच्या हॉलमधली, दवाखान्यातली. ही तसली नव्हती. ही एका माणसाच्या खांद्यावर ठेवलेली होती, आणि ती पेलताना तो वाकला नाही, हे त्यांना दिसत होतं.

"आता मत माझं आहे," वकील म्हणाले. "मला काय आवडतं, काय नाही, हा प्रश्न नाही. माझ्याआधी या खुर्चीत बसलेल्यांनी एक वाट घालून दिलीय. देशाला नवा कायदा द्यायचा तर तो या सभागृहाने बहुमताने द्यावा. बहुमत झालेलं नाही. जे सभागृहाने दिलं नाही, ते खुर्चीने आपल्या पदरचं घालून देऊ नये. आणि कायदा माणसाला न विचारता वर्षभर कोंडायचा असेल, तर मुळीच देऊ नये." ते थांबले. हातातला कागद त्यांनी घडी घालून बाजूला ठेवला. "माझं मत नकार. मसुदा नामंजूर."

ते बसले. बसताना त्यांनी खुर्चीचा हात चाचपडत शोधला.

आता सगळ्यांचे डोळे मास्तरांकडे गेले. पहिल्या बाकावरून ते हळूहळू उठले. सभागृहातून जाताना प्रत्येकाने खुर्चीकडे वळून मान लववायची, असा तिथला रिवाज. रागावलेले लोक तो बिनदिक्कत मोडत. मास्तर काठी टेकत मधल्या वाटेने दारापर्यंत गेले. तिथे थांबले. पाठमोरे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा कुणाला दिसेना. मग ते वळले, काठी काखेत घेतली, आणि त्यांनी आपल्याच हाताने आणलेल्या त्या वकिलापुढे कंबरेतून वाकून मान लववली. पुरती लववली. त्यांच्यामागे त्यांचा एकेक सभासद उभा राहिला आणि तसाच वाकून बाहेर गेला. बाईंच्या शेजारी एक वयस्कर पत्रकार बसले होते. त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं. "हे लिहिता कुठे येणार," ते स्वतःशीच म्हणाले.

पुढचं थोडक्यात. मास्तरांनी तीन दिवसांत राजीनामा दिला. निवडणुका लागल्या. वकिलांकडे तिकीट घेऊन कुणी आलं नाही आणि तेही कुणाकडे गेले नाहीत. नवं सभागृह भरेपर्यंत ते खुर्चीत राहिले आणि मग गावी परतून पुन्हा कुंपणांच्या भांडणात पडले. पण ते परतण्याच्या आधी, मतदानानंतर सतराव्या दिवशी, चौथा पूल उडाला. सतरा माणसं गेली.

त्या सकाळी वकिलांनी सचिवांकडून सतराही जणांचे पत्ते मागवले. कुणी सांगितलं नव्हतं, कुठल्या नियमात नव्हतं. सचिव म्हणाले, "साहेब, जाऊ नका. लोक काय करतील सांगता येत नाही." वकील म्हणाले, "ते मलाही कळतंय." बाईंनी न विचारता आपलीही पिशवी भरली. सरकारी मोटार घेतली नाही. गाडीने, बसने, कुठे चालत, अकरा दिवसांत सतरा घरं.

पहिल्या घराने दार उघडलं नाही. तिसऱ्या घरात एका तरुणाने वकिलांची कॉलर धरली आणि भिंतीशी दाबलं. बाई पुढे झाल्या, तर वकील म्हणाले, "राहू दे." तो तरुण कॉलर सोडून तिथेच जमिनीवर बसला आणि रडायला लागला. एका घरातल्या आजींनी त्यांना ओळखलंच नाही. त्यांनी पाणी दिलं आणि नातवाच्या गमती सांगत राहिल्या. प्रत्येक घरात वकील एकच करत होते. मी अमुक, माझ्या मतामुळे तो कायदा झाला नाही, असं सांगायचे आणि मग गप्प बसून समोरचा जे बोलेल ते ऐकायचे. शिव्या असतील तर शिव्या. एकाही घरात त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. बाई पहिल्या दिवशी घाबरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी चिडल्या होत्या, आणि नंतर नंतर नुसत्या बघत होत्या. सभागृहात पाचशे जणांसमोर उभं राहायला काय लागतं ते त्यांनी पाहिलं होतं. एका बंद दाराची कडी वाजवायला त्याहून जास्त लागतं, हे त्यांना तिथे कळलं.

सोळावं घर रेल्वेच्या फाटकवाल्याचं होतं. लाइनीच्या कडेला एक खोलीचं घर, बाहेर सुबक रांगेत लावलेल्या झेंडूच्या कुंड्या. त्याची थोरली मुलगी परीक्षा देऊन त्या गाडीने परत येत होती. फाटकवाल्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, एकच सांगा. तो कायदा झाला असता, तर माझी पोर वाचली असती?"

बाईंनी वकिलांकडे पाहिलं.

"माहीत नाही," वकील म्हणाले. "वाचली असती कदाचित. रोज सकाळी उठलो की हेच विचारतो स्वतःला. उत्तर सापडलं असतं, तर तुम्हाला सांगायला आलो असतो. सापडलेलं नाही, म्हणून नुसताच आलोय."

फाटकवाल्याने मान हलवली. "तुमच्या आधी दोन पुढारी येऊन गेले," तो म्हणाला. "एक म्हणाला, नक्की वाचली असती. दुसरा म्हणाला, नक्की नसती वाचली. दोघांना घाई होती." त्याने खाट पुढे ओढली. "बसा."

ते बसले. मुलीचा परीक्षेचा निकाल आला होता. फाटकवाल्याने घडी घातलेला कागद आतून आणून बाईंच्या हातात दिला, कारण त्या शिक्षिका आहेत हे त्याला मघाशी कळलं होतं. गणितात शंभरपैकी एक्क्याण्णव. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. "पोर हुशार होती," त्या म्हणाल्या. "एक्क्याण्णव म्हणजे गंमत नाही." त्यांनी कागद जुन्याच घडीवर दुमडून परत दिला.

"होय ना," फाटकवाला म्हणाला. "भूमितीत तर ती मलाच शिकवायची."

आत घंटा वाजली. गाडीची वेळ झाली होती. फाटकवाला उठला, डोक्यावर टोपी चढवली आणि चाक फिरवून फाटक खाली घेतलं. हिरवा झेंडा उघडून तो लाइनीच्या कडेला ताठ उभा राहिला. वकील आणि बाईही उठून त्याच्या मागे उभे राहिले. गाडी उडालेल्या पुलाच्या जागी बांधलेल्या तात्पुरत्या पुलावरून, जीव मुठीत धरून, हळूहळू येत होती. एकेक डबा पुढून गेला. खिडक्यांतून माणसं बघत होती. कुणी जेवत होतं, कुणी झोपलं होतं, कुणी कुणाला काहीतरी दाखवत होतं. शेवटच्या डब्यातल्या गार्डने हात हलवला, फाटकवाल्यानेही हलवला. मग त्याने झेंडा गुंडाळला आणि फाटक उघडायला गेला.

बाईंनी भर उजेडात, परक्या माणसाच्या अंगणात, नवऱ्याचा हात धरला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. वकिलांनी आश्चर्याने त्यांच्याकडे पाहिलं.

"अजून एक घर राहिलंय," ते म्हणाले.

"चला," बाई म्हणाल्या.